उसनं वाक्य

कवळीवाल्यांच्या जिभेला गाठ आहे असं त्यांची आई म्हणायची, पण जीभ अगदी ठणठणीत होती. अडायचं ते वाक्य. पहिला शब्द कसाबसा बाहेर यायचा, दुसरा उंबऱ्यावर थबकायचा, आणि तिसरा येईपर्यंत समोरच्याने घड्याळाकडे बघून घेतलेलं असायचं. अशा माणसाने पोटासाठी निवडावा कोणता धंदा, तर लोकांच्या तोंडाचा. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे, एका अरुंद खोलीत बसून ते कवळ्या तयार करायचे. प्लास्टरचा जबडा पुढ्यात घ्यायचा, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा नीट बसतोय का ते बघायचं. प्लास्टरचे जबडे उलट प्रश्न विचारत नाहीत, हा या धंद्यातला मोठाच फायदा होता. त्यांचं खरं नाव दवाखान्यात कोणी घेत नसे. डॉक्टरांपासून पेशंटांपर्यंत सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत.

बोलायचं खातं बायकोकडे होतं. फोन ती घ्यायची, दुकानदाराशी घासाघीस ती करायची, मुलीच्या शाळेत जाऊन मास्तरांशी ती भांडून यायची. कवळीवाल्यांनी "मला जरा" एवढं म्हटलं की ती "पाणी हवंय ना" म्हणून पेला पुढे करायची. बहुतेक वेळा पाणीच हवं असायचं. नसलं तरी ते पिऊन टाकायचे, कारण आलेल्या पाण्याशी वाद घालायचा म्हणजे आणखी एक वाक्य आलं.

बायको दुष्ट होती असं मात्र कोणी समजू नये. नवरा शब्दापाशी अडला, त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले, की ते दोन क्षण तिला बघवत नसत. म्हणून ती वाक्य उचलायची आणि पलीकडे नेऊन ठेवायची. जड पिशवी हातातून काढून घ्यावी, तसं. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती, आणि कवळीवाल्यांनाही.

आता डॉक्टरांकडे येऊ. डॉक्टर फ्रीमेसन होते, म्हणजे शपथ घेऊन आत जायचं अशा एका जुन्या, गुप्त बंधुमंडळाचे सभासद. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि त्यापलीकडे कोणालाच काही माहीत नव्हतं. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांच्या लॉजची, म्हणजे त्या मंडळाच्या शाखेची, दुमजली इमारत होती, खिडक्या कायम बंद, दारावर गवंड्याचा गुण्या आणि कंपास कोरलेला. आत कवटी आहे असं लोक म्हणत. बोकड आहे आणि नव्या माणसाला त्याच्यावर बसवून फिरवतात, असंही म्हणत. डॉक्टरांना कोणी छेडलं तर ते शांतपणे सांगत, "बोकड म्हातारा झाला हो. आता त्याला वजन पेलवत नाही." महिन्यातून एकदा ते काळा सूट घालून, हातात एक चपटी बॅग घेऊन तिकडे जात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर येत.

त्या बॅगेपेक्षा डॉक्टरांना ओझं होतं ते पाठांतराचं. लॉजमध्ये कागद बघून वाचायची पद्धत नाही. ज्याच्याकडे जो भाग येईल तो त्याने तोंडपाठ म्हणायचा. त्या वर्षी डॉक्टरांकडे नव्या सभासदाला करायचा उपदेश आला होता, आणि तो चांगलाच लांबलचक होता. दुपारी दवाखान्याचं दार लावून घेऊन ते येरझाऱ्या घालत घोकत राहत. पार्टिशन पातळ होतं. पलीकडे कवळीवाले डबा खाऊन झाल्यावर दात घासून गुळगुळीत करत बसलेले असत, म्हणजे लोकांचे दात, आणि तो उपदेश रोज त्यांच्या कानांवरून जाई.

एका दुपारी डॉक्टर नेहमीच्या ठिकाणी अडले. "आणि संकटात सापडलेल्या माणसाकडे..." म्हणाले, आणि गाडी थांबली. पुन्हा मागे जाऊन आले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "पाठ फिरवण्याआधी स्वतःला त्याच्या जागी उभं करून पाहावं, आणि मग आपला हात जिथवर पोचेल तिथवर तो पुढे करावा."

सरळ, न अडखळता, एका दमात. डॉक्टरांनी पार्टिशनचं दार उघडलं. आत कवळीवाल्यांशिवाय कोणी नव्हतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव होता.

"हे तुम्ही बोललात?"

"ह... ह..." कवळीवाल्यांनी नुसती मान हलवली.

डॉक्टर स्टुलावर बसले आणि बराच वेळ हसले. मग म्हणाले, "घाबरू नका, हा भाग काही गुपित नाही. पण काय हो, एकदाही अडला नाहीत. पाठ केलेलं आणि सगळ्यांनी म्हणायचं वाक्य असलं की काही जणांची जीभ मोकळी होते, असं वाचलं होतं कुठेतरी." आणि मग त्या हसण्याच्या भरात ते जास्तच बोलून गेले. तिकडे नव्या माणसाला शपथ घ्यावी लागते, पण ती एकट्याने म्हणायची नसते; कोणीतरी तुकडा तुकडा सांगतो आणि तो मागून म्हणतो. तिकडे सगळेच संथ बोलतात. आणि उभ्या राहिलेल्या माणसाला मध्येच तोडायचं नाही, हा तर नियमच आहे, मग तो कितीही वेळ घेवो. एवढं सांगून डॉक्टर टेबलावरचा एक जबडा उचलून उगीच निरखू लागले आणि निघून गेले.

कवळीवाले मात्र त्या दिवसानंतर पार बदलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक गोष्ट हवीशी झाली होती, आणि ती म्हणजे एक खोली, जिथे आपण उभं राहायचं, सुरुवात केलेलं वाक्य शेवटपर्यंत न्यायचं आणि कोणी ते हातातून काढून घ्यायचं नाही. कवटी असो वा बोकड, त्यांची ना नव्हती.

आता अडचण अशी की फ्रीमेसन लोक कोणाला "या" म्हणून बोलावत नाहीत. ज्याला यायचंय त्याने आपल्या तोंडाने विचारायचं, अशी त्यांची रीत. आणि आपल्या तोंडाने, म्हणजे बायकोच्या नव्हे. कामावर येता-जाता कवळीवाले ते वाक्य घोटत राहिले. शेवटी एका सकाळी ते पार्टिशनच्या अलीकडे आले. खुर्चीत एक बाई आ वासून बसल्या होत्या, डॉक्टरांच्या हातात यंत्र होतं. आता नाही तर कधीच नाही, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

"डॉक्टर, मला ल... ल..."

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. काही बोलले नाहीत. खुर्चीतल्या बाईंनाही तोंड उघडं ठेवून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ल... लॉजमध्ये य... यायचंय."

"किती वर्षं या वाक्याची वाट बघतोय मी," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला विचारता येत नाही हो. तुम्हीच विचारायला हवं होतं." बाईंनी चूळ भरली आणि अभिनंदन म्हणाल्या. कशाबद्दल ते त्यांना कळलं नव्हतं, पण डॉक्टर खूश दिसत होते.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. "मी ल... ल..." म्हणताच बायकोने "लॉन्ड्रीतून कपडे आणायचेत ना, आणलेत मी" म्हणून विषय संपवला. दुसऱ्या प्रयत्नाला लायब्ररी निघाली. तिसऱ्यांदा त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि शब्द काढला, तेव्हा ती घाबरलीच.

"म्हणजे तिथे तुम्ही असं काही ऐकणार, जे मला सांगणार नाही?" ती म्हणाली. "तुमच्या पोटातलं तुमच्या आधी मला कळतं. आता त्या बंद खिडक्यांच्या आतलं मी कसं ओळखू?"

तिचा धाकटा भाऊ विमा एजंट होता. बातमी ऐकून तो लगोलग हजर झाला, आणि तो बोलायला लागला की उचलली जीभ लावली टाळ्याला. "दाजी, सोनं आहे सोनं," तो म्हणाला. "वकील, डॉक्टर, मोठमोठे अधिकारी सगळे तिथे. कुठल्याही शहरात जा, हात मिळवला की ओळख पटते म्हणतात, राहायची जेवायची सोय. आणि ताई, उद्या काही बरंवाईट झालंच, तर मागे राहिलेल्या बायकोकडे ते लोक बघतात. तुझी पण सोय."

"माझी सोय हे गेल्यावर ना?" बायको म्हणाली. "मग तुझा विमा कशाला घेतला मी?"

भाऊ जरा ओशाळला, पण जाताना दाजींना हळूच म्हणाला, आत गेलात की माझंही नाव काढा. तो गेल्यावर बायकोने विचारलं, "तुम्हाला काय हवंय यातलं?" कवळीवाल्यांनी तोंड उघडलं, पण तोवर तिनेच उत्तर दिलं. "चार माणसांत ऊठबस हवीय. बरोबर आहे. माझ्याशिवाय आहे कोण तुम्हाला?" तेवढं ठरवून ती निम्मी राजी झाली, आणि कवळीवाल्यांनी मान हलवली, कारण उत्तर फार चुकीचं नव्हतं.

मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. लॉजमधले दोन जण घरी येतील. बायकोची हरकत नाही ना, हे तिच्या तोंडून ऐकतील. तुम्हाला काही साधे प्रश्न विचारतील. "त्यातला एकच महत्त्वाचा," डॉक्टर म्हणाले. "देवावर श्रद्धा आहे का? कुठला देव, कसली पूजा, ते आम्ही विचारत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उत्तर होय असावं लागतं. ते नसेल तर आमचे हात बांधलेले. तुमचं काय, तुम्ही तर सरळमार्गी माणूस."

कवळीवाले आपल्या खोलीत येऊन बसले आणि त्यांचं कामात लक्ष लागेना. लहानपणी ते रोज देवाकडे एकच मागणं मागायचे, ही गाठ सोडव म्हणून. मनातल्या मनात मागायचे, त्यामुळे वाक्य कुठेही अडायचं नाही, अगदी स्वच्छ पोचायचं. उत्तर काही आलं नाही. पुढे कधीतरी त्यांनी मागणं बंद केलं. राग नव्हता, भांडण नव्हतं, फक्त तिकडे कोणी आहे असं त्यांना वाटेनासं झालं, आणि नंतर पुन्हा कधी वाटलं नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोण ऐकणार एवढं लांब वाक्य? बायको रोज संध्याकाळी खिडकीपाशी बसून मोठ्याने प्रार्थना करायची आणि ते तिच्या शेजारी जाऊन बसायचे. तिने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता.

होय. केवढासा शब्द. एवढा तर आपल्यालाही म्हणता येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एका शब्दाने कोणाचं काही बिघडणार नव्हतं आणि ती खोली मिळणार होती. कामावर जाताना ते आता हा शब्द घोटू लागले, आणि पाहुणे यायच्या दिवसापर्यंत तो चांगला गुळगुळीत झाला होता.

पाहुणे रविवारी दुपारी आले. एक निवृत्त मोजणी अधिकारी होते, उंच, हळू बोलणारे, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून आता बोलणंही मोजून करणारे. दुसऱ्यांची बेकरी होती. ते येताना बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि पहिलं बिस्किट स्वतःच खाल्लं. बायकोने चहा ठेवला, चांगले कप काढले आणि नवऱ्याच्या शेजारी, म्हणजे नेहमीच्या जागी, येऊन बसली.

"वहिनी, आधी तुम्ही सांगा," मोजणीवाले म्हणाले. "तुमची काही हरकत?"

"मला सांगता येणार नाही असं करता काय तुम्ही तिथे?"

"पाठांतर आणि जेवण," बेकरीवाले म्हणाले. "आणि खरं सांगू का, जेवणापेक्षा पाठांतरच जास्त." ती हसली. तिच्या मनातली अढी तेवढ्याने सुटली आणि आपली हरकत नाही असं तिने सांगून टाकलं.

मग प्रश्न कवळीवाल्यांकडे वळले. काम काय करता? "कवळ्या करतात," बायको म्हणाली, "आणि ह्यांच्या हातची कवळी कधी टोचत नाही." लॉजमध्ये यावंसं का वाटलं? कवळीवाले म्हणाले, "मला तिथे उ... उ..." बायको म्हणाली, "ऊठबस हवीय हो, चार माणसांत." दोघा पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बऱ्याच घरी बायकाच जास्त बोलतात.

"आता एक शेवटचा," मोजणीवाले म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला. "देवावर श्रद्धा आहे तुमची?"

तयार शब्द जिभेवर होता. कवळीवाल्यांनी ओठ उघडले. "ह... ह..." आणि तो घोटून घोटून गुळगुळीत केलेला शब्द नेमका तिथेच रुतला. मान ताठ झाली, डोळे मिटले.

"होय तर," बायको म्हणाली. "ह्यांची तर माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा. रोज संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले की हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात. एक दिवस चुकवला नाही."

झालं. जीव भांड्यात पडल्यासारखे बेकरीवाले मागे टेकले. मोजणीवाल्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून घरात घातला, म्हणजे चष्म्याच्या. काम फत्ते. कवळीवाल्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे बघितलं. ती अभिमानाने त्यांच्याकडे बघत होती. स्वतःच्या तोंडून ते खोटं निघालं असतं तर कदाचित पचलंही असतं. पण तिने ते मनापासून, खरं समजून सांगितलं होतं, आणि तिच्या तोंडून ऐकताना त्यांना ते ऐकवेना.

"न... न..."

"नक्कीच, म्हणतायत," बायकोने सांगितलं.

कवळीवाल्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. चारचौघांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. ती चमकून गप्प झाली.

"न... नाही," ते म्हणाले.

बेकरीवाल्यांचं बिस्किट अर्ध्या वाटेत थांबलं. बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मोजणीवाल्यांनी दोन बोटं किंचित वर केली. "वहिनी, त्यांना बोलू द्या. आम्हाला घाई नाही."

आणि मग त्या बैठकीच्या खोलीत कवळीवाले बोलले. किती वेळ लागला कोण जाणे, चहा गार झाला एवढं खरं. "माझी श... श्रद्धा नाही. ल... लहानपणी होती. ही म... मनापासून प्रार्थना करते. मी शेजारी ब... बसतो, कारण मला हि... हिचा आवाज आवडतो. त्या वेळी ती माझ्याशी न... नाही, आणि माझ्या वतीनेही नाही, न... नुसती बोलत असते. ते ऐ... ऐकायला बसतो."

कोणी मध्ये बोललं नाही. बायको खाली बघत होती.

"वहिनींच्या उत्तरावर आम्ही उठलोच होतो," मोजणीवाले शेवटी म्हणाले. "तुम्ही तसं राहू दिलं असतंत तर आज तुमचं नाव पुढे गेलं असतं."

"मला तिथे उ... उभं राहून ब... बोलायचं होतं," कवळीवाले म्हणाले. "प... पहिलंच वाक्य उ... उसनं नको."

"तिथली सगळीच वाक्यं उसनी असतात हो," बेकरीवाले कळवळून म्हणाले. त्यांना हा माणूस आवडला होता.

"ती स... सगळ्यांची. हे उत्तर म... माझं होतं."

मोजणीवाले उठले. त्यांनी कवळीवाल्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, साध्या माणसांसारखा, त्यात खूणबिण काही नव्हती. "एवढ्या एका प्रश्नावर आमचा नाइलाज आहे," ते म्हणाले. "फार वाईट वाटतंय मला. मी ही गोष्ट डॉक्टरांना नीट सांगेन." बेकरीवाल्यांनी पुडा तिथेच ठेवला आणि दारात वळून म्हणाले, "दुपारी बेकरीत गर्दी नसते. या कधी. मीही बसूनच असतो."

ते गेल्यावर कवळीवाल्यांना वाईट वाटलं, आणि थोडंथोडकं नाही. ती खोली त्यांनी मनात इतकी सजवली होती, की तिथला आपला कोट कुठे टांगायचा हेही ठरलं होतं. आता दार बंद झालं होतं आणि ते त्यांनीच लावलं होतं. कोणावर रागावायचीही सोय नव्हती.

बायकोने कप उचलले नाहीत. ती समोरच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"देवाचं माझं मी बघेन," ती म्हणाली. "त्याची काळजी नाही मला. तो तुमच्यावर रागावायचा नाही, मी सांगेन त्याला." मग तिने खुर्ची जरा पुढे ओढली. "मला एक सांगा. आजवर किती वेळा चुकले मी?"

कवळीवाल्यांनी हात हलवून, जाऊ दे, अशी खूण केली.

"जाऊ दे नाही. हे पडदे. तुम्ही हि... म्हणालात आणि मी म्हटलं, हिशेबात बसतील ते घेऊ. काय म्हणायचं होतं?"

"हि... हिरवे."

तिने निळ्या पडद्यांकडे बघितलं. "आणि मुलीचं? तिला बाहेरगावी शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा तुम्ही पा... म्हणालात. मी म्हटलं, पाठवू या."

"पा... पाहू पुढच्या वर्षी, म... म्हणत होतो," कवळीवाले म्हणाले. "पण ते ब... बरं झालं. तिचं चांगलं झालं."

बायकोचे डोळे भरून आले. ती रडणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे तिला ते कसं लपवायचं तेही माहीत नव्हतं. आपण या माणसाची पिशवी उचलत आलो आणि कित्येकदा ती भलत्याच घरी नेऊन ठेवली, असं तिच्या मनात आलं. आणि मग त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट मनात आली.

"त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात," ती म्हणाली.

कवळीवाल्यांना कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. लग्नाआधी ती वडिलांची कवळी घेऊन दवाखान्यात यायची. कवळी टोचते, सैल होते, पुन्हा टोचते. वडील हट्टी, घराबाहेर पडायला तयार नसत, म्हणून तीच कवळी रुमालात गुंडाळून आणायची आणि पार्टिशनपलीकडचा तरुण ती घासून परत द्यायचा. शेवटच्या दिवशी तो तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आता तुम्ही प... परत..." आणि ती पटकन म्हणाली, "परत यायचं? येईन की." पुढच्या आठवड्यात ती खरोखरच आली, अगदी व्यवस्थित बसणारी कवळी रुमालात घेऊन, कवळी धुवून आणते असं वडिलांना सांगून. पुढचं सगळं त्यातून झालं, लग्न, मुलगी, हे घर.

"तेव्हा काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

बरोबरच ओळखलं होतंस, असं म्हणता आलं असतं. तिला तेवढंच ऐकायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आजच्या दिवशी खोटं बोलून चालणार नव्हतं. कवळीवाल्यांनी सुरुवात केली. ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली आणि तिने ओठ मिटून घेतले.

"आता तुम्ही प... परत यायची ग... गरज नाही," ते म्हणाले. "क... कवळी आता व्यवस्थित ब... बसली आहे." आणि थोडं थांबून, "स... सकाळपासून पाठ केलं होतं."

ती हसली नाही, रडलीही नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

"मग दुरुस्त का नाही केलंत?" तिने विचारलं. "आज दोन परक्या माणसांसमोर मला थांबवलंत. तेव्हा का नाही थांबवलं?"

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. पहिल्याच अक्षराला मान ताठ झाली, डोळे मिटले. तिच्या जिभेवर उत्तरं धावत आली. लाज वाटली असेल. भीती वाटली असेल. मी निघून गेले असेन तोवर. दया आली असेल. एकेक करून तिने ती गिळली आणि वाट बघत राहिली. फार वेळ लागला. रस्त्यावरून कोणीतरी सायकल घेऊन गेलं, शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडला आणि बंद केला, आणि ती तशीच बसून होती.

"त... तेव्हा," ते म्हणाले, "तुझं वाक्य ख... खरं होतं. खोटं म... माझं होतं."